चौथ्या पायाची चौकशी

"सर, तुमच्या हापिसामागं जे टेबल पालथं पडलंय, ते आम्हाला मिळंल का?"

मथुरानं हा प्रश्न विचारला तेव्हा वर्गात ऐंशी मुलं, सात मुली आणि फळ्यावर तर्कशास्त्राचं एक अर्धवट विधान एवढं सगळं हजर होतं. प्रिन्सिपालसाहेबांनी तास संपवताना सवयीनं "कुणाला काही शंका?" असं म्हटलं होतं. या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलं नव्हतं आणि साहेबही उत्तरासाठी कधी थांबले नव्हते. पण त्या दिवशी चन्नम्मानं मथुराला डावीकडून कोपर मारलं आणि जमिलानं उजवीकडून. पैज साधी होती. मथुरानं भर वर्गात टेबल मागितलं तर महिनाभर तिनं भाकऱ्या थापायच्या नाहीत. नाही मागितलं तर महिनाभर तिघींच्या भाकऱ्या तिनं एकटीनं थापायच्या. मथुराच्या भाकरीचा एकंदर आकार आणि टणकपणा बघता तिनं पैज जिंकण्यातच तिघींच्या पोटाचं हित होतं.

ऐंशी मुलं एकदम हसली. मागच्या बाकावरून कुणीतरी "खुर्चीबी मागा की!" असं ओरडलं. तीन महिन्यांपूर्वीची मथुरा असती तर बाकाखाली शिरली असती. पण ही मथुरा बेंबळीहून मॅट्रिक होऊन कॉलेजात आलेली पहिली मुलगी होती. तिचे कान तापले, तरी ती उभीच राहिली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "अर्ज करा."

या दोन शब्दांच्या पोटात काय काय दडलेलं असतं, हे मथुराला ठाऊक असतं तर तिनं जन्मभर भाकऱ्या थापल्या असत्या.

आता टेबल कशाला पाहिजे होतं ते सांगायला हवं. धाराशिवात नवंच कॉलेज निघालेलं. मुलींचं वसतिगृह नव्हतं, कारण मुलीच सात. म्हणून बेंबळीची मथुरा, नळदुर्गची चन्नम्मा आणि परांड्याची जमिला अशा तिघी मिळून अजीजाबीच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत राहात होत्या. अजीजाबी सरकारी दवाखान्यातली दाई. जमिलाची ती सख्खी मावशी, आणि मथुराचा जन्मही तिच्याच हातचा. त्यामुळं मथुराची आई म्हणाली होती, "जिनं पोरगी हातावर झेलली, तिच्याकडं ठिवायला कसली भीती?" तिघीही तिला खालाच म्हणत.

खोलीत एक स्टोव्ह, एक विजेचा दिवा आणि चन्नम्माची एक पत्र्याची पेटी होती. ही पेटीच तिघींचं टेबल. एका बाजूला इतिहास, एका बाजूला इंग्रजी, मधोमध तर्कशास्त्र. पण पेटीत साबण होता, फणी होती, शेंगदाण्याची चटणी होती, आणि चन्नम्माला दर अर्ध्या तासानं यातलं काहीतरी लागायचं. "अय्यो, जरा उचला गं," म्हणाली की तिघींचा अभ्यास उचलून गादीवर ठेवायचा, झाकण उघडायचं, चटणी काढायची, झाकण लावायचं आणि अभ्यास परत मांडायचा. एवढ्यात मोगलांचा एखादा बादशहा हरवलेला असायचा.

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. मथुराला कॉलेजात घालताना तिच्या वडिलांनी, महारुद्रअण्णांनी, एकच अट घातली होती. "सहामाहीत एका जरी विषयात लाल रेघ दिसली, न्हायतर वेडीवाकडी बातमी कानावर आली, की पेटी उचलायची आन् बेंबळी." अण्णा फार बोलत नसत, पण बोलले की ते दगडावर कोरलेलं असायचं. सहामाहीला महिना उरला होता आणि मथुरा तर्कशास्त्रात काठावर होती.

तर अर्ज.

कॉलेजचे कारकून महालिंगप्पा नुकतेच सोलापूरकडून बदलून आलेले. कानावर पेन्सिल, टेबलावर पानाचा डबा. त्यांनी अर्ज हातात घेतला आणि विचारलं, "विषय?"

"टेबल," मथुरा म्हणाली.

"टेबल हा विषय न्हाय, बाई. विषय लिवा, 'पालथ्या टेबलाबाबत.' तीन प्रती."

पहिल्या दोन प्रती झाल्या. तिसरी खालाच्या शेळीनं खाल्ली. ती परत लिहिली. मग महालिंगप्पा तिघींना घेऊन हापिसामागं गेले, टेबलाभोवती दोनदा फिरले आणि बोटानं पाय मोजले. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.

"पाय तीन हायेत."

"व्हय."

"चौथा कुठाय?"

"आम्हाला काय म्हाईत?"

"मग देता येत न्हाय." महालिंगप्पांनी अर्ज दुमडला. "हे टेबल निजामाच्या राज्यातलं. नळदुर्गाच्या करोडगिरी नाक्यावर जकात घ्यायला ठिवलेलं. राज्य गेलं, नाका गेला, सामान इकडं आलं. रजिस्टरात चार पायांचं टेबल आन् मी दिलं तीन पायांचं, तर उद्या तपासणीवाल्यानं चौथा पाय मागितल्यावर मी काय माझा काढून देऊ?"

"पण रजिस्टरात चार पायच हायेत कशावरून?" जमिलानं विचारलं.

महालिंगप्पांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं. "बाई, रजिस्टर उर्दूत हाय. मला वाचता येत न्हाय. पण टेबलाला पाय किती असत्यात हे बघायला रजिस्टर कशाला उघडायचं?"

तर्कशास्त्राच्या तासाला हे विधान फळ्यावर लिहून त्यातली चूक शोधायला सांगितली असती तर मथुराला नक्की सापडली असती. पण तिथं उभी असताना तिला ते अगदी पटलं. टेबलाला पाय चारच असतात. चौथा हरवलाय. तो शोधायचा!

आणि इथून पुढं सगळं घसरत गेलं.

समोरच्या घरात शिवलिंगप्पा नावाचे कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार राहात. ते रिकामे होते आणि त्यांना कायदा माहीत होता. याहून धोक्याचा शेजार दुसरा नाही. ते रोज कट्ट्यावरून हाक मारून सल्ला देत. "पोरींनो, पाय हरवल्याची पोलिसांत वर्दी द्या." दुसऱ्या दिवशी, "वर्दी दिली न्हाय ना? बरं केलं. दिली असती तर टेबल जप्त झालं असतं." तिसऱ्या दिवशी त्यांनी फार विचार करून सांगितलं, "पाय जिथून निघाला तिथंच पडला असंल. नळदुर्गाला कळवा."

चन्नम्मानं वडिलांना पत्र टाकलं. तिच्या वडिलांचं नळदुर्गात किराण्याचं दुकान. माणूस भला आणि उत्साही. त्यांनी पत्र दुकानात मोठ्यानं वाचून दाखवलं. मग काय, लेकीच्या शिक्षणासाठी सगळं गाव पाय शोधायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीच्या टपावरून कंडक्टर ओरडला, "मथुरा महारुद्र, पी.यू.सी.! तुमचा पाय आलाय, उतरवून घ्या!"

तो बाजेचा पाय निघाला. दुसऱ्या दिवशी हिरव्या रंगाचा पाळण्याचा पाय आला. त्यानंतर चौरंगाचा, मग एक असा जाडजूड पाय आला की तो कशाचा असावा यावर शिवलिंगप्पांनी दोन दिवस विचार केला. स्टँडवरचे हमाल मथुराला लांबून ओळखायला लागले. कंडक्टरला तर आता ओरडायचीही गरज उरली नव्हती. तो नुसताच लाकूड उंच धरायचा आणि मथुरा पदर डोक्यावर ओढून पुढं व्हायची. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीनं भर स्टँडवरून पाळण्याचा पाय काखेत मारून जावं, आणि समोरून वर्गातल्या मुलांनी बाजूला होऊन वाट द्यावी! अपमान बरा वाटावा असा तो आदर होता.

खालानं खोलीतला ढीग पाहिला आणि कमरेवर हात ठेवले. "अगे पोट्ट्यांनो, पढाई कर रैं क्या लकडी की वखार खोले? मेरी बकरी कू बैठने जगा नक्को क्या?"

शेवटी जमिलानं शहाणपणाची गोष्ट सुचवली. "शोधायचा कशाला? करून घेऊ."

बिरदेव सुताराचा लेक सोलापूरच्या गिरणीत होता आणि बिरदेवला लिहिता येत नव्हतं. त्यानं मोबदला म्हणून लेकाला तीन पत्रं मागितली, एकेकीकडून एक. कारण, त्याच्या मते, तिघींनी वेगवेगळं लिहिलं तर एक तरी लेकाच्या काळजाला लागेल. चन्नम्मानं रागाचं लिहिलं, जमिलानं मायेचं, आणि मथुरानं तर्कशास्त्राचं. बिरदेवनं चार दिवसांत पाय घडवला. असा घोटीव, असा चकचकीत पाय, की बाकीचे तीन त्याच्यापुढं गरीब नातेवाइकांसारखे दिसायला लागले. लेकाचं उत्तरही आलं. दिवाळीला येतो, म्हणाला. कुठल्या पत्रानं काम केलं यावर तिघींचं अजून भांडण आहे.

महालिंगप्पांनी टेबल हलवून पाहिलं, चारी पाय मोजले आणि खूश झाले. "आता कसं! आता फक्त रजिस्टरातली नोंद शोधायची, नंबर टाकायचा, आन् न्या."

"पण तुम्हाला तर उर्दू येत न्हाय."

"म्हणूनच तर. वाचणारा आणा. रजिस्टर हापिसाबाहेर जाणार न्हाय."

जमिलाला छापील उर्दू वाचता येत होतं. पण ते रजिस्टर म्हणजे मुंग्यांनी शाईत पाय बुडवून धावत जावं तसलं. अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे टिंबं, नाहीत, अक्षरं एकमेकांत अडकलेली. खालाला उर्दू यायचं, पण ती कचेरीची पायरी चढायला तयार नव्हती. मग शिवलिंगप्पांना गफार मुन्शी आठवले. जुन्या कचेरीत तीस वर्षं असलंच लिहिण्यात गेलेली. अडचण एवढीच की त्यांना वाचता सगळं यायचं, पण दिसत काही नसे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आणि जमिलाला दिसत सगळं होतं, वाचता येत नव्हतं. तेव्हा तिनं हापिसात बसून एका ओळीचा पहिला रकाना जशाचा तसा कागदावर उतरवला, मुन्शींच्या घरी नेला आणि त्यांच्या तळहातावर बोटानं एकेक अक्षर काढून दाखवलं.

"और?" मुन्शी डोळे मिटून म्हणायचे.

"मग एक काठी, चाचा. मग वाटी. वाटीला शेपूट."

अर्धा तास हे चाललं. मुन्शींचा चेहरा हळूहळू उजळला.

"बेटी, ये टेबल नहीं है. ये ऊंट है."

जमिलानं वरची ओळ उतरवली होती. करोडगिरी नाक्यावर चोरटा माल पकडायला सरकारी उंट होता, आणि तो टेबलाच्या बरोबर वरच्या ओळीत, 'उंट, नर, एक' असा नोंदलेला होता.

ही बातमी महालिंगप्पांना सांगायला नको होती. पण मथुराला आपला शोध सांगितल्याशिवाय राहवलं नाही, आणि महालिंगप्पांच्या कानावरची पेन्सिल खाली पडली.

"उंट? माझ्या रजिस्टरात उंट हाय?" ते उठले, खिडकीतून मैदानात बघून आले आणि परत बसले. "मी चार्ज घेतला तवा उंट न्हवता. मला कुणी उंट दाखवला न्हाय. आन् मी सही करून बसलोय की सगळं सामान मिळालं म्हणून!" त्यांनी मथुराचा अर्ज बाजूला सारला. "टेबलाचं र्‍हाऊ द्या बाई. आदी उंट कुठाय ते ठरू द्या."

दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, अण्णा आले.

बेंबळीच्या एसटीचा कंडक्टर आणि नळदुर्गाच्या एसटीचा कंडक्टर स्टँडवर एकाच टपरीत चहा पीत, त्यामुळं बातमीला तिकीट लागलं नाही. लेक भर वर्गात ऐंशी पोरांसमोर प्रिन्सिपालाला टेबल मागते, रोज स्टँडवर लाकडं उतरवून घेते आणि सुताराच्या दारात बसलेली दिसते. यात खोटं काहीच नव्हतं, हाच सगळा घोटाळा. अण्णांबरोबर आईही होती, द्वारकाबाई. तिच्या हातात रिकामी पिशवी.

"सामान भर," अण्णा म्हणाले.

"अण्णा, सहामाहीला आठ दिवस हायेत. मी पास हुईन."

"अट दोन गोष्टींची हुती. बातमी आली." अण्णांनी खोलीतल्या पायांच्या ढिगाकडं पाहिलं. "आन् बातमी खरी हाय."

खाला मध्ये पडली. "भाऊ, पोट्टी दिन भर पढती. लकडी तो बाद में आई." पण अण्णा जागचे हलले नाहीत. नाव काढायला अर्ज लागतो. तो मथुरानंच लिहिला, पेटीवर ठेवून, वाकून. मध्येच चन्नम्माला साबण लागला नाही, एवढीच त्या दिवशीची दया. साबण लागणं तर दूरच, चन्नम्मा पेटीच्या कडेला तोंड फिरवून रडत होती.

हापिसात महालिंगप्पा टेबलावर रजिस्टर पसरून, डोकं दोन्ही हातांत धरून बसले होते. मथुरानं अर्ज पुढं केला. त्यांनी वर पाहिलं नाही. "थांबा बाई, उंट सापडत न्हाय."

अण्णा समोर उभे होते, मागं चन्नम्मा आणि जमिला. रजिस्टर त्यांच्या बाजूनं उलटं होतं. त्यांची नजर सहज पानावर गेली, आणि ते म्हणाले, "उंट मेला की हो."

महालिंगप्पांनी डोकं वर केलं.

"ही काय शेवटच्या रकान्यात नोंद. निजामी फसली साल तेराशे पन्नास, मयत. कातडं खात्यात जमा."

"तुमाला… हे वाचता येतं?"

"मिडल पास हाय मी. उर्दूतनं," अण्णा म्हणाले, आणि का कोण जाणे, ओशाळले. मथुरा बघत राहिली. अण्णा मिडल पास आहेत हे तिला माहीत होतं, पण ते ज्यात शिकले ती भाषा राज्याबरोबर कचेरीतून उठून गेली आणि त्यानंतर तेरा वर्षांत घरात कुणी त्यांना काही वाचायला दिलंच नाही, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मराठी वर्तमानपत्र ते बोट ठेवून हळूहळू वाचत. घरात सगळ्यांना वाटे, अण्णांना वाचनाची आवड नाही.

महालिंगप्पांनी खुर्ची पुसली. अण्णांना बसवलं. रजिस्टर सुलट केलं. "मालक, खालची ओळ. टेबलाची."

अण्णा खणखणीत आवाजात वाचायला लागले. इतकं सलग बोलताना मथुरानं त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "टेबल, सागवानी, एक. पाय तीन. चौथा कोपरा नाक्याच्या भिंतीतल्या कोनाड्यात बसवायचा."

दाराशी ठेवलेल्या टेबलाकडं सगळ्यांच्या माना वळल्या. बिरदेवचा चकचकीत पाय ऊन खात उभा होता.

"म्हणजे," चन्नम्मा म्हणाली, "चौथा पाय कधी न्हवताच?"

"मग हा कुणाचा?" महालिंगप्पा दचकून म्हणाले. त्यांचा हात परत टेबलाच्या अर्जाकडं गेला. "बाई, आता पंचाईत झाली. रजिस्टरात तीन, टेबलाला चार. सरकारी टेबलाला खाजगी पाय लागलाय. असं टेबल मला देता यायचं न्हाय."

आता मथुरा रडणार होती. महिनाभर जे रडू तिनं पाळण्याच्या पायाबरोबर काखेत मारून ठेवलं होतं, ते सगळं एकदम येणार होतं. पण तेवढ्यात अण्णा उठले. बेंबळीच्या महारुद्रअण्णांना राग आला की पंचायतीत सगळे गप्प बसत. महालिंगप्पांना हे माहीत नव्हतं.

"तीन हुतं तवा चार मागिटले. चार केले तवा तीन पायजेत. लेकरांची परीक्षा आठ दिवसांवर, आन् तुमी पाय मोजीत बसलाव? म्हैनाभर माज्या लेकीनं गावोगावचे पाय वाहिले, ते तुमी रजिस्टर न उघडल्यापायी!" त्यांनी टेबल आडवं केलं, बिरदेवचा पाय दोन्ही हातांनी धरला आणि एका हिसक्यात उपटून बाजूला ठेवला. "घ्या. झाले तीन?"

"झाले," महालिंगप्पा म्हणाले.

अण्णांनी टेबलाचा रिकामा कोपरा खिडकीच्या कट्ट्यावर टेकवला. टेबल असं ठाम उभं राहिलं, जणू वीस वर्षं ते याच खिडकीची वाट बघत होतं. 'नोंद वाचली, बरोबर' असा शेरा लिहून अण्णांनी खाली सही केली, उजवीकडून डावीकडं.

"मालक," महालिंगप्पा आवाज खाली आणून म्हणाले, "आत आख्खी खोली भरून असली रजिस्टरं हायेत. कशात काय हाय देव जाणे. हत्तीसुदिक असायचा. दर शनिवारी यायला जमंल का?"

एवढ्या मोठ्या विनंतीला लगेच हो म्हणणं अण्णांच्या मानाला शोभलं नसतं. "बघू," म्हणाले, पण मिशीचं टोक वर गेलं होतं.

टेबल घरी आलं. एका टोकाला अण्णा, एका टोकाला चन्नम्मा, पुढं वाट दाखवायला शिवलिंगप्पा, आणि वाट माहीत असलेली शेळी त्यांच्याही पुढं. खोलीत दिवा ठेवायचा कोनाडा होता. त्यात चौथा कोपरा बसवला. बसला, पण बोटभर अंतर राहिलं आणि टेबल डुगडुगायला लागलं. मथुरानं हातातला कागद चार घड्या करून कोपऱ्याखाली सारला. टेबल थांबलं.

खालानं चहा आणला. अण्णा टेबलावरून हात फिरवत होते. "मी मिडलला हुतो तवा आमी सहाजण एका खोलीत राह्याचो, ह्याच धाराशिवात," ते म्हणाले. "सहाजणांत एक पाट. लिवायला तोच, जेवायला तोच, आन् उशाला बी तोच. टेबल कुणाला मागावं हे सुचलंच न्हाय कदी."

"सुचलं असतं तरी तुमी मागिटलं नसतं," द्वारकाबाई म्हणाल्या. त्यांनी बिरदेवचा पाय उचलून हातात तोलून पाहिला आणि रिकाम्या पिशवीत घातला. "धुणं बडवायला झकास हाय हे."

पिशवीत काहीतरी गेल्यावर अण्णांना आपण कशाला आलो होतो ते आठवलं. त्यांनी खिसे चाचपले. "मथुरा, त्यो नाव काढायचा अर्ज कुठाय?"

"टेबलाखाली," मथुरा म्हणाली. "कोनाड्यात. काढला तर टेबल हलंल."

जमिलानं चन्नम्माचा हात धरला. मथुराच्या कानांत पुन्हा ऐंशी मुलं हसायला लागली होती. मग तिनं टेबलावर दोन्ही तळवे टेकले. ते जराही हललं नाही. ती म्हणाली,

"अण्णा, आई, मी ठरवलंय. त्यो अर्ज तिथंच राहील. मी सहामाही पास हुईन, आन् बी.ए. हुईपर्यंत इथंच राहीन. आन् अण्णा, तुमी दर शनिवारी रजिस्टर वाचायला येणार, तवा आदी तासभर ह्या टेबलापशी बसायचं आन् मला ती लिपी शिकवायची. त्या खोलीतला हत्ती मी वाचणार हाय."